चारशे व्ह्यूज म्हणजे वाचक किती?

माझा पहिला लेख ऑनलाइन आला त्या संध्याकाळी मी दर दहा मिनिटांनी फोन उघडून आकडा बघत होते. झोपेपर्यंत तो त्रेसष्टवर गेला. घरात सगळ्यांना सांगून झालं, पेढे तेवढे वाटायचे राहिले. दोन दिवसांनी उलगडा झाला. लॅपटॉपवर मी लॉगिन होते, फोनवर नव्हते. फोनवर लेख कसा दिसतो, फोटो कापला जातो का, वेलांट्या नीट आहेत ना, हे बघायला मीच तो पुन्हा पुन्हा उघडला होता. उरलेले व्ह्यूज मावशीचे, दोन आत्यांचे आणि सोसायटीच्या ग्रुपचे. त्यात एखादा अनोळखी माणूस होता की नाही, देव जाणे.

त्याला आता काही वर्षं झाली. मी वर्डप्रेस डॉट कॉमवर स्वयंपाकघराबद्दल लिहिते. एक मैत्रीण प्रतिलिपी या कथांच्या मंचावर कथामालिका लिहिते, तिचे आकडे आम्ही दोघी मिळून बघतो. नव्याने लिहू लागलेली मंडळी येऊन विचारतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: माझा आकडा चांगला की वाईट? वाढत का नाही? परवा एकदम कसा पडला? मला आधी उलट विचारावं लागतं, कोणता आकडा, कुठला आणि किती दिवसांचा. म्हणून मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने इथे सांगते. ‘समजा’ म्हणून दिलेले आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून आहेत.

१. आधी स्वतःला वजा करा

आपण लॉगिन असताना आपल्याच साइटवर मारलेल्या फेऱ्या वर्डप्रेस डॉट कॉम मोजत नाही. पण आपण ‘आपण’ आहोत हे त्याला लॉगिनवरूनच कळतं. फेसबुकमध्ये दुवा दाबला की त्याचा स्वतःचाच ब्राउझर उघडतो, आणि तिथे तुम्ही परके. गूगलच्या ब्लॉगरवर ‘माझे व्ह्यूज मोजू नका’ अशी खूण करता येते, पण ती त्या एका ब्राउझरपुरती. कुकीज पुसल्या की खूणही पुसली गेली.

तेव्हा फोनवरच्या रोजच्या ब्राउझरमध्ये एकदा लॉगिन करून ठेवा आणि मजकूर तपासायचा तो प्रसिद्ध करण्याआधी, प्रीव्ह्यूमध्ये. राहिले नातेवाईक. त्यांना वजा करता येत नाही, करूही नये. मी पहिल्या तीन दिवसांचा आकडा वहीत वेगळा लिहिते आणि त्यावर ‘घरचे’ असं लिहून ठेवते. लेखाचं खरं वय चौथ्या दिवसापासून धरते.

२. कोणता शब्द काय मोजतो

व्ह्यू म्हणजे पान एकदा उघडलं गेलं. बस्स, एवढंच. उघडणाऱ्याने वाचलं, की दुसऱ्या सेकंदाला मागे गेला, की फोन खिशात चुकून दाबला गेला, हे व्ह्यूला ठाऊक नसतं. व्हिजिटर म्हणजे उघडणारा, पण तोही माणूस नव्हे, ब्राउझर. तुमचा एक वाचक सकाळी फोनवर अर्धा लेख वाचतो आणि दुपारी ऑफिसच्या संगणकावर उरलेला संपवतो, तर ते दोन व्हिजिटर झाले. उलट आजी, सून आणि नात एकाच टॅबवर पाककृती बघत असतील तर तिघी मिळून एक.

इथे नवे लोक हमखास फसतात ती बेरीज सांगते. समजा सोमवारी तुमच्याकडे १० व्हिजिटर आले आणि गुरुवारी तेच १० परत आले. रोजच्या आकड्यांची बेरीज होते २०, पण आठवड्याच्या तक्त्यात दिसतात १०. चूक कुणाचीच नाही. दिवसाचा तक्ता दिवसापुरते वेगळे वाचक मोजतो, आठवड्याचा आठवड्यापुरते. व्ह्यूजची बेरीज चालते, व्हिजिटरची चालत नाही.

दुसरा सापळा होम पेजचा. वर्डप्रेसच्या काही थीममध्ये, म्हणजे साइटच्या मांडणीच्या तयार साच्यांत, पहिल्याच पानावर सगळे लेख पूर्ण दिसतात. वाचणारा तिथेच वरून खालपर्यंत वाचतो, लेखाच्या नावावर बोट ठेवायची त्याला गरजच पडत नाही. मग तक्त्यात होम पेजपुढे मोठा आकडा आणि लेखांपुढे दोन, एक, शून्य. आपल्याला वाटतं कुणी वाचत नाही. थीमच्या सेटिंगमध्ये जाऊन होम पेजवर प्रत्येक लेखाचा सुरुवातीचा तुकडाच दिसेल असं करा, म्हणजे कोणता लेख उघडला गेला ते कळू लागेल.

मीडियम या लेखनाच्या मंचावर व्ह्यूच्या शेजारी ‘रीड’ असा रकाना असतो. तिथे वाचक निदान ३० सेकंद थांबला तर रीड धरला जातो. गूगल ॲनालिटिक्स ही साइटची आकडेवारी ठेवणारी गूगलची सोय. तिच्या सध्याच्या आवृत्तीत भेट १० सेकंदांच्या वर टिकली, किंवा वाचकाने दुसरं पान उघडलं, किंवा तुम्ही महत्त्वाची म्हणून ठरवून दिलेली एखादी कृती त्याने केली, तर ती ‘एंगेज्ड’ ठरते. म्हणजे मोजायचं माप प्रत्येकाचं निराळं. एकाचं मीडियमवरचं पन्नास आणि दुसरीचं वर्डप्रेसवरचं पन्नास शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे शेर आणि किलो एकाच पारड्यात टाकणं. तुलना करायची ती स्वतःच्या मागच्या महिन्याशी, त्याच ठिकाणी, त्याच रकान्यात.

३. तुमचा दिवस किती वाजता संपतो?

साइटच्या सेटिंगमध्ये टाइमझोन बदललेला नसेल तर तो बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो, म्हणजे तुमचा तारखेचा काटा पहाटे साडेपाचला पुढे सरकतो. रात्री बाराला टाकलेल्या लेखाचे वाचक आदल्या दिवसात जमा होतात. यादीत ‘कोलकाता’ निवडा, काम झालं. गूगल सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात तुमची साइट कशी दिसते ते सांगणारी सोय) मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने तारीख धरतं. तिथला दिवस आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. दोन्ही तक्ते तारखेला तारीख लावून जुळवायचा प्रयत्न मी एकदा केला होता. एक अख्खा रविवार गेला.

४. वाचक आले कुठून

वर्डप्रेसच्या आकडेवारीत ‘रेफरर’ नावाचा भाग असतो. वाचक कोणत्या दारातून आला ते तिथे दिसतं: गूगल, फेसबुक, दुसऱ्या कुणाच्या लेखातला दुवा. पण मराठी लेखकाचं सगळ्यात मोठं दार तिथे बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि ते म्हणजे व्हॉट्सॲप. ॲपमधून आलेला वाचक बरेचदा आपण कुठून आलो हे सोबत आणत नाही, म्हणून तो ‘डायरेक्ट’ या गठ्ठ्यात जातो किंवा नुसताच व्ह्यू म्हणून मोजला जातो. व्ह्यूज शंभर आणि रेफररची बेरीज तीस असेल तर घाबरू नका. उरलेले सत्तर बहुतेक कुठल्या तरी कौटुंबिक ग्रुपमधून आलेत.

हे दार दिसावं असं वाटत असेल तर दुव्याला शेपूट जोडा. त्याला यूटीएम म्हणतात. यातला ‘यू’ अर्चिन या कंपनीचा, जी गूगलने २००५ साली विकत घेतली आणि जिच्यातून पुढे गूगल ॲनालिटिक्स उभं राहिलं. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन स्रोत व्हॉट्सॲप, माध्यम ग्रुप, मोहीम मोदक अशी माहिती त्यात भरतात. हाताने लिहायची गरज नाही, गूगलचं दुवा बांधून देणारं मोफत पान आहे, त्यात रकाने भरले की तयार दुवा मिळतो. दोन गोष्टी पाळा. नावं नेहमी एकाच पद्धतीने लिहा, कारण रोमनमधलं मोठं आणि लहान अक्षर ॲनालिटिक्स वेगळं धरतं आणि एकाच व्हॉट्सॲपचे तीन रकाने होतात. आणि ही शेपटं वाचायची सोय तुमच्या खात्याच्या योजनेत आहे ना ते आधी बघा, नाहीतर दुवे लांबतील आणि हाती काही लागणार नाही.

देशांचा नकाशा बघायला सगळ्यांना आवडतो. मलाही. बहरीनमधून एक वाचक दिसला की दिवस चांगला जातो. पण ठिकाण आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं. मोबाइल कंपन्यांच्या जोडण्यांमुळे सांगलीचा वाचक अनेकदा मुंबईत किंवा पुण्यात दिसतो. देश साधारण भरवशाचा, शहर नाही. आणि अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ॲशबर्नमधून किंवा आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्समधून अचानक गर्दी झाली, तर तिथलं महाराष्ट्र मंडळ तुमच्या लेखावर तुटून पडलंय असं समजू नका. या दोन्ही ठिकाणी प्रचंड डेटा सेंटर आहेत, आणि तिथून येतात ते बहुतेक बॉट, म्हणजे माणसं नव्हेत, आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम. ओळखायची खूण सोपी: एकाच तासात भरपूर व्ह्यूज, थांबलेला वेळ शून्य, आणि सगळी पानं ओळीने उघडलेली.

एक इशारा. रेफररच्या यादीत कधीकधी अगदी अनोळखी, विचित्र नावाची साइट दिसते. ‘ही कोण आपल्याला दुवा देतेय’ म्हणून कुतूहलाने तिच्यावर क्लिक करू नका. तुम्ही तसं करावं म्हणूनच ती तिथे आलेली असते.

५. शोधून येणारा वाचक

माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि नवे लेखक इथपर्यंत येतच नाहीत. कारण तो वर्डप्रेसच्या तक्त्यात नीट दिसत नाही. गूगलने २०११ पासून टप्प्याटप्प्याने शोधशब्द लपवायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये जवळपास सगळेच झाकले. त्यामुळे तिथे बहुतेक ‘अनोळखी शोधशब्द’ एवढंच दिसतं. खरी यादी बघायची तर सर्च कन्सोल जोडावं लागतं. ते मोफत आहे, मात्र साइट तुमची असल्याचं सिद्ध करावं लागतं. प्रतिलिपीसारख्या मंचावर, जिथे पत्ता त्यांचा असतो, तिथे ते जमत नाही.

आत चार आकडे असतात. इम्प्रेशन म्हणजे शोधाच्या निकालात तुमचं नाव किती वेळा आलं. क्लिक म्हणजे किती जणांनी ते दाबलं. सीटीआर म्हणजे शंभर इम्प्रेशनमागे क्लिक किती. आणि सरासरी स्थान, म्हणजे यादीत तुम्ही साधारण कितवे होता. पक्के आकडे दोन-तीन दिवस उशिरा येतात आणि १६ महिन्यांपलीकडचे मिळत नाहीत, म्हणून वर्षातून दोनदा ते उतरवून ठेवा.

आता माझ्या उकडीच्या मोदकांचा लेख घ्या. शोधशब्दांची यादी उघडली तेव्हा पहिलं लक्षात आलं ते हे, की मराठी माणूस एकच गोष्ट पाच तऱ्हांनी शोधतो. कुणी देवनागरीत, कुणी रोमनमध्ये. रोमनमधल्या ‘उकडीचे’ या शब्दात कुणी मधला ‘ए’ घालतं, कुणी घालत नाही. थालीपीठ आणि थालिपीठ, पुरणपोळी आणि पुरण पोळी, प्रत्येकाची ओळ वेगळी. एकेका ओळीत चार-दोन क्लिक दिसतात आणि वाटतं, या विषयाला वाचकच नाही. खरं तर ते पंधरा ओळींत विखुरलेले असतात. म्हणून ओळींकडे न बघता लेखाच्या नावावर टिचकी मारून त्या पानाची एकूण बेरीज बघा. ती बेरीज खालच्या ओळींपेक्षा जास्त भरते, कारण फार थोड्या लोकांनी विचारलेले शोधशब्द गूगल खासगीपणासाठी दाखवत नाही.

मग ओळी वाचा, आकडे विसरून, पोस्टातून आलेल्या पत्रांसारख्या. माझ्या लेखात सारणाचं कौतुक दोन परिच्छेद चाललं होतं आणि लोक विचारत होते ‘पारी चिरते उपाय’, ‘उकड कोरडी झाली तर’, ‘एक वाटी पिठी पाणी किती’. चकलीच्या लेखावर येणाऱ्यांना भाजणीचा इतिहास नको होता, ‘चकली तेलात विरघळते’ हे हवं होतं. कढई समोर तापलेली, एक हात पिठात, दुसऱ्या हाताने टाइप केलेला तो प्रश्न. मी उकडीच्या पाण्याचं प्रमाण लेखाच्या तळाला दिलं होतं, ते उचलून वर आणलं. क्वेरीच्या, म्हणजे शोधशब्दांच्या, गाळणीत ‘किती’, ‘प्रमाण’, ‘कसे’ असे शब्द टाकून बघा, अशा ओळी पटकन सापडतात. ‘का’ टाकू नका, काकडी आणि कारलंही येतं.

आकड्यांवरून काय ठरवायचं? इम्प्रेशन भरपूर आणि स्थानही पहिल्या पाचांत, पण क्लिक थोडे, असं असेल तर आधी शीर्षक बघा. आईच्या हातची आठवण सांगणारं काव्यात्म शीर्षक मला फार आवडायचं. शोधणाऱ्याला त्यात मोदक दिसत नव्हता. स्थान आठ ते पंधराच्या मध्ये असेल तर लेखात भर घालण्यासारखं काहीतरी नक्की आहे, कारण गूगलला तो कामाचा वाटतो पण पुरेसा वाटत नाही. स्थान साठावं असेल तर मी हात लावत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: २०२४ पासून गूगल काही शोधांना वरच एआयने लिहिलेलं तयार उत्तर देऊ लागलं आहे. तिथे इम्प्रेशन टिकतात आणि क्लिक घटतात. त्यात तुमच्या शीर्षकाचा दोष असेलच असं नाही.

जाता जाता, देवनागरी पत्त्यांबद्दल. लेखाच्या पत्त्यात मराठी शब्द असले तर काही तक्त्यांत त्याजागी टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तिथे नऊ रोमन चिन्हांचं होतं. नुसता ‘मोदक’ म्हणजे म, काना-मात्रा, द आणि क, छत्तीस चिन्हं. गूगलला ते वाचता येतं, काळजी नको. पण तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की आत्या विचारते, ‘हे व्हायरस तर नाही ना गं?’ म्हणून मी पत्ता रोमनमध्ये ठेवते.

आता एक कबुली. वर्षभर मी शोधशब्द बघूनच लिहीत होते. आकडे वाढले, आणि लेख सगळे सारखे वाटू लागले, जणू पिठाच्या पाकिटामागची कृती. आता चारातला एकच लेख शोधणाऱ्यांसाठी लिहिते.

६. उंबऱ्यापर्यंत आलेले आणि पाटावर बसलेले

चार्टबीट ही वाचनाचा वेळ मोजणारी कंपनी. तिचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेल यांनी २०१४ साली ‘टाइम’मध्ये लिहिलं होतं, की त्यांच्या पाहणीत ५५ टक्के लोक पानावर १५ सेकंदांहून कमी वेळ सक्रिय होते. हे वाचून मला वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटलं. दार उघडून डोकावणारे सगळ्यांकडेच येतात.

वेळ मोजण्याआधी तुमचा लेख वाचायला किती वेळ लागतो ते माहीत हवं. मीडियम मिनिटाला सुमारे २६५ शब्द धरून वाचनवेळ दाखवतं. तो हिशेब इंग्रजीच्या अंदाजाने आहे. मराठीत ‘स्वयंपाकघरातल्यासारखं’ हा एकच शब्द आहे, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. त्यामुळे शब्द मोजून काढलेली वेळ मराठीसाठी कमीच भरते. त्यापेक्षा फोनवर घड्याळ लावून एखाद्या मैत्रिणीला लेख मनात वाचायला द्या. तिला पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं हे तुमचं माप.

मग सरासरीचा घोळ. समजा १० जण आले. आठ जण १० सेकंदांत गेले, दोघांनी सहा-सहा मिनिटं बसून शेवटपर्यंत वाचलं. एकूण ८०० सेकंद, सरासरी ८० सेकंद. तक्ता सांगतो, लोक सव्वा मिनिटात कंटाळतात. पण सव्वा मिनिट बसलेला माणूस या दहांत एकही नाही! हे दोघं कोण आणि कुठून आले, हा प्रश्न त्या सरासरीपेक्षा कामाचा आहे. वाटा वेगवेगळ्या करून बघा: शोधातून आलेल्यांचा वेळ निराळा, फेसबुकवरून आलेल्यांचा निराळा. माझ्याकडे फेसबुकवरून माणसं जास्त येतात आणि लगेच जातात. एका जुन्या पाककृतींच्या साइटवरून दिवसाला दोन-तीन येतात, पण ती तीन-तीन लेख वाचून जातात.

कथामालिका लिहिणाऱ्यांना यापेक्षा सोपं आणि धारदार हत्यार मिळतं: प्रत्येक भागाची वाचकसंख्या. समजा पहिल्या भागाला १,०००, दुसऱ्याला ४२०, तिसऱ्याला ३९०, चौथ्याला ३८०, पाचव्याला २१० असं चित्र आहे. मैत्रीण अशा वेळी पहिल्या-दुसऱ्यातल्या घसरणीवर रडायची. ती घसरण सगळ्यांचीच होते, पहिला भाग लोक चाखून बघतात. बघायचं ते चौथा आणि पाचवा. चार भाग सोबत चाललेल्या १७० माणसांनी तिथे हात का सोडला? तर चौथा भाग उघडून त्याचा शेवट वाचा. बहुतेक वेळा तिथे काहीतरी मिटलेलं असतं, भांडण, रहस्य किंवा लग्न, आणि पुढचं वाचायचं कारण उरलेलं नसतं. एक पथ्य: पाचवा भाग काल टाकला असेल तर त्याची तुलना महिन्याभरापूर्वीच्या चौथ्याशी करू नका. दोन्ही भाग निदान पंधरा दिवसांचे होऊ द्या.

ईमेलने लेख पाठवत असाल तर ‘ओपन रेट’वर, म्हणजे शंभरातल्या किती जणांनी मेल उघडली या आकड्यावर, फार विसंबू नका. मेल उघडली हे तिच्यात लपवलेल्या एका अदृश्य चित्रावरून कळतं. ॲपलने सप्टेंबर २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली की ती चित्रं वाचकाने मेल न उघडताही आधीच उतरवली जातात. आयफोनवाले वाचक भराभर मेल उघडताना दिसतात ते यामुळे. किती जणांनी आतला दुवा दाबला आणि किती जणांनी उत्तर लिहिलं, ते बघा.

७. पंचांग जवळ ठेवा

हे कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नाही. वर्डप्रेस तुम्हाला मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून दाखवतं. पण आपले वाचक तिथीने येतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे मोदकांची गर्दी एका वर्षी सबंध सप्टेंबरात, पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या वर्षी जवळपास सगळी ऑगस्टात. ऑगस्टला ऑगस्ट लावला तर २०२५ मध्ये तुम्ही सुगरण ठरता आणि सप्टेंबरात तुमचं दिवाळं निघतं, दोन्ही खोटं. चतुर्थीच्या आधीचे चौदा दिवस त्या-त्या वर्षीचे काढा आणि ते एकमेकांशी जुळवा. दिवाळी, नवरात्र, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळ्यांचं असंच. संक्रांत तेवढी सूर्यावर चालते, १४ किंवा १५ जानेवारीला येते. तिळगुळाच्या लेखासाठी इंग्रजी कॅलेंडर चालतं.

आणि सणाचा लेख सणाच्या आदल्या रात्री टाकू नका. गूगलला तो सापडून वर यायला वेळ लागतो. मी महिनाभर आधी टाकते, पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर सुधारते. दरवर्षी नवा लेख केला की तुमचेच तीन लेख एकमेकांच्या पायात येतात.

८. रविवारची वही

रोज आकडे बघणं सोडा. मला ते सुटायला वर्ष लागलं, आणि सुटलं ते फोनवरून ॲप काढून टाकल्यावरच. लहान आकड्यांत रोजचा चढउतार म्हणजे निव्वळ योगायोग असतो. काल ४ वाचक, आज ८, तक्ता हिरव्या बाणाने १०० टक्के वाढ दाखवतो. झालं काय, तर चार माणसं जास्त आली.

आठवड्यातून एकदा, अर्धा तास. साध्या वहीत पाच रकाने: तारीख आणि जवळ कोणता सण, आठवड्याचे व्हिजिटर, शोधातून आलेले क्लिक, सगळ्यात जास्त वेळ वाचला गेलेला लेख, आणि या आठवड्यात मी काय बदललं. शेवटचा रकाना भरायला लोक आळस करतात, आणि सहा महिन्यांनी कामी येतो तोच. बदल एका वेळी एकच करायचा. शीर्षक बदललं तर चार आठवडे फोटो, पत्ता, मजकूर तसाच. सगळं एकदम बदललं आणि वाचक वाढले तर श्रेय कुणाला द्यायचं?

बसण्याआधी एक प्रश्न लिहून बसा. ‘कसं चाललंय’ हा प्रश्न नव्हे. ‘चकलीच्या लेखावर आलेले लोक पुढे भाजणीचा लेख उघडतात का’, ‘परदेशातून येणारे सकाळी वाचतात का’, असा हो-नाहीत उत्तर मिळेल असा. पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा झालेले असतात. तिकडचे वाचक रविवारी स्वयंपाकाआधी वाचतात असं वहीत दिसलं, तेव्हा मी लेख टाकायची वेळ शनिवारी रात्री नेली. उत्तर मिळालं की पान बंद. नाहीतर नकाशा, मग रेफरर, मग पुन्हा नकाशा, आणि लिहायचा रविवार बघण्यात संपतो.

वाचकांची पत्रं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, त्यांना मी वहीची मागची पानं दिली आहेत. फणसाच्या सांदणांवरचा माझा एक लेख महिन्याला जेमतेम वीस जण उघडतात. त्यावर आतापर्यंत अकरा पत्रं आली, बहुतेकांत त्यांच्या घरची कृती लिहिलेली.

या रविवारची नोंद अशी: व्हिजिटर मागच्या आठवड्याइतकेच. शोधशब्दांत ‘सारण सैल झाले तर काय करावे’ तीनदा, तीन वेगळ्या स्पेलिंगांत. मोदकाच्या लेखात त्यावर एक ओळही नाही. शीर्षकाला चार आठवडे पूर्ण व्हायला अजून दहा दिवस आहेत, तोवर मजकुराला हात लावायचा नाही. परिच्छेद कच्चा लिहून ठेवायचा, आणि त्याआधी आत्याला फोन करून विचारायचं, ती सारण पुन्हा परतते की त्यात थोडी खसखस भाजून घालते.